मागचे केस

वस्ताद मंगळवारी दुकानात नसत. कोणी गिऱ्हाईक रिकामी खुर्ची बघून उभं राहिलं की पडद्यामागचं शिवणयंत्र थांबे आणि त्यांची बायको आतूनच सांगे, "ते वर गेलेत." नवखा माणूस चपापायचा. मग ती पडदा सारून म्हणायची, "अहो, चढावर. दोनपर्यंत खाली येतील." हा विनोद तिने अकरा वर्षं केला आणि अकरा वर्षं तो चालला.

दुकान बसथांब्याला लागून होतं. पुढच्या अर्ध्या भागात दोन खुर्च्या आणि दोन आरसे, मागच्या अर्ध्यात पडद्याआड बायकोचं यंत्र. ती पँट आखूड करून दे, चेन बदलून दे, अशी कामं करी. पडदा पातळ, त्यामुळे खुर्चीत बसून माणसं जे बोलत ते तिलाही ऐकू जाई. पण दोघांचा नियम एकच होता: खुर्चीतलं खुर्चीत. कुणाचा जावई घर सोडून गेला, कुणाची नोकरी जायच्या बेतात आहे, सगळं केसांबरोबर झाडून टाकायचं. वस्तादांना या नियमाचा अभिमान होता. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नावही होतं, पण ते कागदोपत्रीच राहिलं. पंचविसाव्या वर्षी कुणीतरी वस्ताद म्हणालं आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी बायकोसुद्धा लोकांसमोर तेच म्हणायची.

चढाच्या टोकाला म्हाताऱ्या माणसांचं शुश्रूषागृह होतं. दोन मजले, चव्वेचाळीस खाटा. एका मंगळवारी खालचा मजला, पुढच्या मंगळवारी वरचा, असा वस्तादांचा क्रम. सकाळी आठला ते आपली पेटी घेऊन पोचत, छातीवर गृहाचा बिल्ला लावत, आणि गरम पाण्याचं भांडं घेऊन पहिल्या खाटेपाशी जात. म्हाताऱ्या माणसाची दाढी हे वेगळंच शास्त्र आहे. गाल आत गेलेले, कातडी कागदासारखी, त्यात अर्ध्याजणांना रक्त पातळ व्हायच्या गोळ्या. जरा पातं लागलं की तासभर थांबत नाही. वस्ताद डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाल कानाकडे ताणून धरत, केस ज्या दिशेला वाढलेत त्याच दिशेने पातं नेत, आणि सगळा वेळ हळू आवाजात बोलत राहत. ज्यांना काही समजत नसे त्यांच्याशीही बोलत. "आवाज थांबला की माणूस मान हलवतो," असं त्यांचं म्हणणं.

चेहऱ्यापेक्षा त्यांचा मानेवर विश्वास जास्त. चेहरा कोणीही पुसून ठेवील, ते म्हणत, पण कानामागे, मानेच्या वळीत आणि डोक्याच्या मागच्या बाजूला कोण हात घालतो ते बघा, म्हणजे माणसाची निगा कशी चालली आहे ते कळतं. सहा वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची आई तिथे शेवटचे पाच महिने होती. दुकानामागच्या एका खोलीत तिला उचलणं-फिरवणं दोघांना झेपेना, तेव्हा गृहाच्या मोठ्या सिस्टरांनी आठ दिवसांत खाट मिळवून दिली होती. मोठ्या सिस्टर म्हणजे ठेंगणी, जाड भिंगांची, भरभर चालणारी बाई. तेव्हा एका मजल्यावर सहा मावश्या असायच्या. आईला दर दोन तासांनी कुशीवर वळवत. ती गेली तेव्हा तिच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. वस्तादांनी शेवटचे केस विंचरताना तिच्या मानेमागे हात फिरवून पाहिलं होतं. ते उपकार ते विसरले नव्हते, आणि पुढे जे झालं त्यात या उपकारांचा वाटा मोठा आहे.

गेल्या दोन वर्षांत सहाच्या चार मावश्या झाल्या, चाराच्या तीन. कोणी सोडून गेली की तिच्या जागी दुसरी येत नसे. गृह चालवणारी मंडळी शहरात दुसरीकडेच बसत आणि त्यांच्याकडून फक्त पत्रं येत. वस्तादांना ही कपात कोणी सांगितली नाही. ती त्यांच्या हाताला कळली. कानामागे खपल्या दिसू लागल्या. दाढीत परवाचं अन्न सुकून बसलेलं असे. नखं वाढलेली. मागच्या केसांचा उशीला घासून घासून नमदा झालेला, कंगवा आत शिरेना. ते भिजवून, सोडवून, न बोलता कापत. एखाद्या मावशीला म्हणत, "ताई, हे जरा बघा." ती "हो हो" म्हणत पुढच्या खाटेकडे धावे.

वरच्या मजल्यावर खिडकीजवळ एक घड्याळजी होते. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. अर्धांगाने डावी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं, पण उजवा हात शाबूत. वस्ताद आले की तो हात त्यांचं मनगट धरून कानाशी नेई. घड्याळजी डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "मागे... पडतंय." दर वेळी खरंच दोन-तीन मिनिटं मागे असे. वस्ताद काटे सरकवत आणि मग दाढीला सुरुवात होई. त्या मजल्यावर हाच एक माणूस असा होता की ज्याची वस्ताद उलट वाट बघत.

त्या वर्षी थंडी सरताना, घड्याळजींचे केस कापताना, डोक्याच्या मागे जिथे उशी टेकते तिथे वस्तादांच्या बोटांना एक ऊन जागा लागली. केस बाजूला करून पाहिलं तर बंद्या रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. मधली कातडी मऊ पडलेली, ओलसर. बेडसोरची ही सुरुवात असते हे त्यांना आईच्या वेळी मोठ्या सिस्टरांनीच शिकवलं होतं. त्यांनी मावशीला सांगितलं. तिने मलम लावलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, "घड्याळजींच्या डोक्याला लागलंय. त्यांना कोणी वळवत नाही."

"मग सिस्टरांना सांगायचं होतं," ती म्हणाली.

"त्यांना काय दिसत नसेल? बिचारीचे हाल कुत्रा खात नाही."

बायकोने ताटं उचलली.

पंधरा दिवसांनी, एका सोमवारी, गृहातून निरोप आला: उद्या दोन्ही मजले करा, बुधवारी तपासणी आहे. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी व्हायची आणि तिच्यावर गृहाचा दर्जा ठरायचा. मंगळवारी वस्ताद वर पोचले तर जिन्याच्या कठड्याला पॉलिश चाललेलं, खाटांवर नव्या चादरी, भिंतीवर जेवणाचा आठवडी तक्ता, आणि कार्यालयातला कारकून यादी घेऊन फिरत होता. घड्याळजींच्या खाटेपाशी वस्तादांनी केस बाजूला केले. डाग आता पसरला होता, मध्ये कातडी फाटली होती.

कारकून मागे येऊन उभा राहिला. "मागे जरा लांब ठेवा," तो म्हणाला. "बरे दिसतात."

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. कारकुनाने यादीकडे पाहिलं. दोघांनाही एकमेकांचं कळलं होतं. वस्ताद नेहमी घड्याळजींचे केस मशीनने बारीक करत. त्या दिवशी त्यांनी कात्री घेतली, बाजूचे कापले, आणि मागचे तसेच ठेवून कंगव्याने त्या जागेवर नीट बसवले. हात सफाईदार होता. उशीवर डोकं टेकलं की काही दिसत नव्हतं. घड्याळजींनी त्यांचं मनगट धरलं, पण वस्ताद म्हणाले, "आज घाई आहे," आणि हात सोडवून घेतला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी भागलं असतं. पण उरलेले सातआठ जण पुरे करायला वस्ताद बुधवारीही सकाळी वर गेले, आणि त्यांचं पातं चालू असतानाच तपासणीच्या बाई मजल्यावर आल्या. चाळिशीच्या, साध्या, पायात कापडी बूट. त्यांनी औषधांचं कपाट पाहिलं, न्हाणीघरातली पकडायची दांडी हलवून पाहिली, मावश्यांच्या पाळ्यांचा तक्ता पाहिला. मग एक खुर्ची ओढून त्या वस्तादांच्या शेजारी बसल्या.

"तुम्ही किती वर्षं येता?"

"अकरा."

"म्हणजे माझ्यापेक्षा जुने तपासनीस तुम्हीच," त्या म्हणाल्या. "हे बघा, मी कागद बघते, खोल्या बघते. प्रत्येकाच्या डोक्याला काही मी हात लावत नाही. तुम्ही लावता. तुमचा हात काय सांगतो?"

वस्तादांना हा प्रश्न आवडला. इतक्या वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी मान वर केली तर दालनाच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. हातात फायली, आणि जाड भिंगांतून नजर सरळ वस्तादांवर. त्या नजरेत विनवणी होती. वस्तादांनी ती ओळखली असं त्यांना वाटलं. सांभाळून घ्या, असंच ती म्हणते आहे. आईची खाट आठवली. खुर्चीतलं खुर्चीत, हाही नियम आयताच हाताशी होता.

"हात काय सांगणार," ते म्हणाले. "घरच्यासारखं बघतात इथे. माझी आई इथेच गेली. कधी तक्रारीला जागा नाही मिळाली."

"आणि आता? कातडी, जखमा, मानेमागे, डोक्यामागे?"

"नाही. म्हातारी कातडी, थोडंफार चालायचंच."

बाईंचं पेन थांबलं. "थोडंफार म्हणजे?"

"कोंडा," वस्ताद म्हणाले.

बाई हसल्या. वस्तादही हसले. ज्याची दाढी चालली होती तो म्हातारा काही न कळता हसला. बाईंनी दोन ओळी लिहिल्या आणि उठल्या. वस्तादांनी पुन्हा दालनाच्या टोकाकडे पाहिलं, सिस्टरांनी मान डोलवावी अशा अपेक्षेने. त्या तिथे नव्हत्या.

मधल्या खेपांना वस्तादांनी घड्याळजींची फक्त दाढी केली, मागचे केस उचलून पाहिले नाहीत. महिन्याभराने अहवाल आला. दर्जा उत्तम. तो चौकटीत घालून खालच्या मजल्यावर लिफ्टशेजारी लावला. त्यात एक वाक्य होतं: 'अकरा वर्षे नियमित येणाऱ्या केशकर्तनकारानेही रहिवाशांच्या निगेबद्दल समाधान व्यक्त केले.' वस्तादांनी ते दोनदा वाचलं. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पुढच्या मंगळवारी बायको सिस्टरांचा पांढरा कोट दुरुस्त करून द्यायला वर आली तेव्हा त्यांनी तिला दाखवलं.

तिने चष्मा लावून वाचलं. "नाव नाही घातलं."

"नाव नसतं घालत."

"आणि समाधान आहे का तुम्हाला?"

"आता तू सुरू नको करू."

"मी कुठे काय म्हणतेय. मग घड्याळजींचं मला जेवताना का सांगितलंत, तेवढंच विचारतेय." एवढं बोलून तिने कोटाची पिशवी उचलली आणि जिना चढायला लागली. ती जाईस्तोवर वस्ताद त्या चौकटीच्या काचेत बघत उभे राहिले.

दर्जा उत्तम आल्याचा परिणाम मात्र उलटाच झाला. चालकांचं पत्र आलं की एवढ्या मनुष्यबळात काम उत्तम चालतं हे तपासणीने सिद्ध झालंच आहे, आणि वरच्या मजल्याची एक मावशी कमी झाली. पुढच्या वेळी वस्ताद गेले तेव्हा घड्याळजींचे मागचे केस उशीच्या अभ्र्याला चिकटले होते. वास येत होता. त्यांनी मावशीला हाक मारली. ती आली, पाहिलं, आणि तिथेच खाटेच्या लोखंडी दांडीला धरून रडायला लागली.

"बावीस माणसं आणि आम्ही दोघी," ती म्हणाली. "किती जणांना वळवू सांगा."

त्या दिवशी सिस्टरांनी स्वतः जखम धुतली. चार दिवसांनी घड्याळजींना ताप चढला आणि त्यांना हॉस्पिटलात हलवलं.

पुढच्या आठवड्यात दुकानात एक बाई आली. पुरुषांच्या दुकानात बाई आली की गिऱ्हाईक सावरून बसतात, तसे दोघे सावरून बसले. ती घड्याळजींची लेक. वस्तादांनी तिला वर एक-दोनदा पाहिलं होतं. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, आणि तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला लाल शाईचा कायमचा डाग होता.

"काका, बाबांची दाढी वाढलीय. तिथल्या माणसाला ते हात लावू देत नाहीत. तुम्ही याल का?"

वस्ताद निघाले. बसमध्ये ती शेजारी बसली आणि आपणहून बोलायला लागली. दुसऱ्या एका ठिकाणी घड्याळजींसाठी खाट मिळत होती, थोडं लांब होतं, पण माणसं जास्त होती. ती हलवायच्या विचारात होती. "तेवढ्यात तो अहवाल लागला. मी दिवसभर छापलेलं वाचते ना, म्हणून मला कळतं. बाकीची सगळी वाक्यं एका साच्यातली होती. तुमचंच एक वाक्य खऱ्या माणसाचं वाटलं. म्हटलं, जो दर पंधरा दिवसांनी डोक्याला हात लावतो तो समाधानी आहे, तर आपण कशाला हलवा. खाट सोडून दिली."

वस्तादांना वाटलं, बस थांबावी आणि आपण उतरून चालू लागावं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. केसाने गळा कापणं म्हणतात ते त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं, दुकानात त्यावर विनोदही केले होते. आता तो वाक्प्रचार शेजारी येऊन बसला होता आणि बोटावरची शाई दुसऱ्या बोटाने पुसत होता.

हॉस्पिटलात घड्याळजी कुशीवर होते. मागचे केस तिथल्या लोकांनी भादरून टाकले होते आणि पट्टी बदलायची वेळ झाली होती, त्यामुळे वस्तादांना सगळं दिसलं. तळहाताएवढी जागा. आत पांढरं काहीतरी दिसत होतं. त्यांना हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवावं लागलं. दाढी केली ती कशी केली ते त्यांना नंतर आठवेना. घड्याळजींनी मनगट धरलं नाही. त्यांचे डोळे उघडे होते, पण वस्तादांवर थांबत नव्हते.

बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, अगदी सरळ, आवाजात संशय नाही, "केस कापताना तुम्हाला कधी दिसलं नव्हतं हे?"

"मागचे केस दाट होते," वस्ताद म्हणाले.

खरंच तर होतं. दाट होते, कारण त्यांनी स्वतः ठेवले होते. लेकीने मान हलवली आणि त्यांचे आभार मानले. त्या आभारांनी वस्तादांचं तोंड कडू झालं ते घरी येऊन चूळ भरली तरी तसंच राहिलं.

पुढचे दोन दिवस त्यांनी दुकान उघडलं, पण गप्पा केल्या नाहीत. एका गिऱ्हाइकाचा कल्ला एका बाजूला वर गेला. पडद्यामागून बायको सगळं ऐकत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला सांगून काही उपयोग नाही. मला माहीतच आहे. जिला सांगायचं तिला सांगा."

वस्ताद आधी मोठ्या सिस्टरांकडे गेले. त्यातल्या त्यात सोपं तेच वाटलं. निदान तिथे आपण एका माणसाला वाचवायला खोटं बोललो, हे तरी म्हणता येईल. सिस्टर औषधांच्या खोलीत गोळ्या वाटून ठेवत होत्या. वस्ताद दारात उभे राहिले.

"सिस्टर, त्या दिवशी मी तपासणीच्या बाईंना खरं नाही सांगितलं. तुमच्याकडे बघून गप्प बसलो. तुम्हाला त्रास नको म्हणून."

सिस्टरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. चष्मा काढला. भिंगांशिवाय त्यांचे डोळे लहान आणि फार थकलेले दिसले.

"त्या बाईंना तुमच्याकडे कोणी पाठवलं असं वाटतं तुम्हाला?"

सिस्टरांनी चष्म्याच्या काचा कोटाच्या टोकाला पुसल्या.

"मी पाठवलं. दोन वर्षं मी वर लिहितेय, माणसं द्या, माणसं द्या. मला नोटीस मिळाली, की बाहेर बोललात तर बघा. मी बोलू शकत नव्हते. म्हटलं, एक माणूस आहे, बाहेरचा आहे, सगळ्यांच्या मानेला हात लावतो आणि कोणाच्या बापाला घाबरत नाही. त्यांना विचारा म्हणाले. आणि तिकडे उभी राहिले, की तुम्ही मला बघाल आणि बोलाल."

"मला वाटलं तुम्ही..."

"मला कळलं तुम्हाला काय वाटलं. कोंडा म्हणालात ना? मला ऐकू आलं."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि गोळ्या मोजायला घेतल्या. वस्ताद दारातून हलेनात. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "वस्ताद, मला काम आहे." त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

खाली येताना लिफ्टशेजारची चौकट त्यांनी टाळली, मागच्या जिन्याने उतरले. आजवर आपण उपकार फेडले असं ते समजत होते. चढ उतरताना त्यांना एकेक गोष्ट उलटी दिसू लागली. सिस्टरांसाठी गप्प बसलो हेही पुरतं खरं नव्हतं. बिल्ला लावून त्या दालनात फिरायला आपल्याला आवडत होतं, आणि खरं बोललो असतो तर तो बिल्ला जायची भीती होती. तपासणीच्या बाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या याचा आनंद झाला होता, आणि त्या आनंदात त्यांना हसवावंसं वाटलं होतं. एका माणसाचं डोकं केसांआड सडत होतं आणि आपल्याला विनोद सुचला होता.

दुसऱ्या दिवशी ते तपासणी कार्यालयात गेले. दोन तास बाकावर बसावं लागलं. बाईंनी त्यांना ओळखलं. वस्तादांनी सगळं सांगितलं: खपल्या, नखं, लाल डाग, कारकून, कात्री, मागचे केस. बाई लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी कागद फिरवून सहीसाठी पुढे केला.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

वस्तादांनी बसमध्ये याची तीन उत्तरं तयार केली होती.  ती तशीच ठेवून त्यांनी कागद जवळ ओढला आणि सही केली. अक्षर शाळकरी पोरासारखं आलं.

"मीही केस बाजूला करून बघायला हवं होतं," बाई म्हणाल्या. मग कागद फायलीत ठेवताना, "पण मी तुम्हाला विचारलं होतं."

उरली लेक. तिला सांगायला त्यांना आणखी पाच दिवस लागले. रोज ते हॉस्पिटलात जात, घड्याळजींची दाढी करत आणि काही न बोलता परत येत. पाचव्या दिवशी तिने त्यांच्यासाठी चहा आणून ठेवला होता, तेव्हा मात्र त्यांना राहवेना. दालनाबाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं. पहिलं खोटंही सांगितलं आणि दुसरंही.

"दाट होते म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"मी त्यावर विश्वास ठेवला. दोनदा ठेवला."

"हो."

"उद्यापासून येऊ नका. मी करीन त्यांची दाढी."

वस्ताद उठले. पेटी उचलताना हाताचा धक्का लागून चहाचा कप पालथा झाला. ते रुमालाने पुसायला वाकले तर ती म्हणाली, "राहू द्या," आणि स्वतः पुसू लागली.

न कळवता पुन्हा तपासणी झाली. चौकट उतरली. चालकांना मजल्यागणिक दोन-दोन मावश्या परत घ्याव्या लागल्या. कारकुनाने आपण केसांबद्दल काही बोललोच नव्हतो असं लिहून दिलं, आणि तो अजून तिथेच आहे. मोठ्या सिस्टरांना मात्र ठपका बसला, कारण मजला त्यांच्या ताब्यात होता. त्यांनी वर्ष पुरं केलं आणि निवृत्ती घेतली. वस्ताद निरोपाला गेले नाहीत. जायला तोंड नव्हतं. बायको गेली, आणि घरी येऊन सिस्टर काय म्हणाल्या ते तिने सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

गृहाने वस्तादांना काढलं नाही. नवी सिस्टर आल्यावर तरी काढतील असं धरून ते मंगळवारी पेटी घेऊन गेले तर तिनेच बिल्ला पुढे केला. आता प्रत्येक डोकं झालं की ते एका कागदावर खाटेचा आकडा आणि काय दिसलं ते लिहून तिच्या हातात देतात, आणि तिने वाचेपर्यंत समोर उभे राहतात. मावश्यांना हे आवडत नाही. पहिल्यासारखं चहाला कोणी बोलावत नाही.

घड्याळजींची जखम भरायला चार महिने लागले. त्यांना दुसऱ्या ठिकाणी खाट मिळाली. हे सगळं वस्तादांना इकडून-तिकडून कळलं.

मग एका दुपारी लेक दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. यंत्राचा आवाज थांबला.

"माझ्या हातून बाबांना पातं लागतं," ती म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. "हनुवटीखाली. आणि गाल आत गेलेत तिथे. कसं धरायचं?"

वस्तादांनी तिला पातं दाखवलं, कोन दाखवला. ते तोंडी सांगून कळेना. मग ते स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, फेस लावला आणि मान मागे टाकली. "इथे दोन बोटं. कानाकडे ताणा. दाबू नका, पातं आपलं आपण जातं. आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. त्यांना आवाज लागतो."

ती बोलली नाही. गाल ताणून तिने पातं खाली आणलं, एकदा, दोनदा. कुठे लागलं नाही. हनुवटीखाली ती थांबली आणि वस्ताद डोळे मिटून वाट बघत राहिले. त्यांना वाटलं, आता काहीतरी बोलेल. घड्याळजी कसे आहेत हे विचारायचं त्यांच्या ओठावर होतं, पण विचारायचा हक्क आपल्याला आहे का हे त्यांना ठरवता आलं नाही. तिने मान पुरी केली, पातं धुतलं, टॉवेल घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला.

"उजवी बाजू अशीच ना?" तिने विचारलं.

"अशीच," वस्ताद म्हणाले. "फक्त बोटं बदलायची."

ती गेली. पडद्यामागून बायको बाहेर आली, वस्तादांच्या कानाजवळ राहिलेला फेस तिने पदराने पुसला आणि पुन्हा आत जाऊन बसली.